तळ्यातला नर

पूर्णिमा ढोटे मूळची वणीची. प्राणिशास्त्र शिकायला यवतमाळ जिल्ह्यातून पुण्यात आली, खेकड्यांवर डॉक्टरेट केली आणि इथल्याच एका कॉलेजात शिकवायला लागली. धायरीत सोजरबाई पोकळ्यांच्या घरी वरच्या मजल्यावर ती भाड्याने राहायची.

त्या घराच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी एक लहान तळं आहे. पूर्वी त्यावर पोकळ्यांचा ऊस भिजायचा. आता तिन्ही बाजूंना इमारती झाल्यात, चौथ्या बाजूला तेवढा बांध आणि डोंगर उरलाय. श्रावणात एका रविवारी पूर्णिमाला तिथे दोन खेकडे सापडले. पाठ मातकट नारिंगी आणि पाय पिकल्या जांभळासारखे. इतके खेकडे हाताळूनही असा तिने कधी पाहिला नव्हता.

ते डब्यात घालून ती नारायण पेठेत बेडेकर सरांकडे गेली. डॉ. आनंद बेडेकर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खेकडा ओळखता येईना की लोक अजूनही त्यांचाच जिना चढत. सरांनी दोन्ही खेकडे उलटे केले, पोटाखालच्या रुंद झाकण्या पाहिल्या आणि चष्मा काढला.

"दोन्ही माद्या आहेत."

"हो सर, पण रंग बघा ना…"

"रंगावरून साड्या निवडतात. नर आणा, मग बोलू."

त्यांचं खरं होतं. गोड्या पाण्यातले कितीतरी खेकडे वरून एकसारखेच दिसतात. खरा फरक असतो तो पूर्ण वाढलेल्या नराच्या पोटाखाली दडलेल्या काडीएवढ्या दोन अवयवांत. मीलनाच्या वेळी त्याला लागणारे हे अवयव. त्यांचा वाक आणि टोक प्रत्येक प्रजातीत वेगळं. ते पाहिल्याशिवाय कुठल्याही खेकड्याला नवा म्हणायची सोय नाही.

मग पूर्णिमाने तळ्यात सापळे लावायला सुरुवात केली. रोज सकाळी कॉलेजच्या आधी ती जाऊन बघायची. एकटी बाईमाणूस बांधावर जाते हे सोजरबाईंना पटेना, म्हणून त्या काठी घेऊन सोबत यायला लागल्या. सापळ्यात यायच्या त्या माद्याच. पोटाखाली पिल्लं घेतलेल्या, नाहीतर नुकती पिल्लं सोडलेल्या. पूर्णिमा त्यांना अलगद परत पाण्यात सोडायची.

"आमच्यात पोरगं पायजे म्हणून बायका नवस करायच्या," सोजरबाई एकदा म्हणाल्या. "खेकड्यात पोरगा पायजे म्हणनारी तूच पयली बघितली."

पूर्णिमा हसली आणि हसता हसताच थांबली. हातातल्या मादीच्या पोटाखाली पिल्लं वळवळत होती.

"काकू, या पाण्यात कशाला येतात?"

"लेकरं सोडाया. आनि कशाला?"

"मग नराचं इथे काय काम आहे? बाळंतिणींच्या वॉर्डात मी नवरा शोधत बसलेय."

तिने सापळे गुंडाळले. पुढचे दिवस ती पाण्याकडे पाठ करून बांधाच्या पलीकडे हिंडली. तिथे दगडांतून पाणी पाझरायचं आणि जमीन कायम ओली असायची. घटस्थापनेच्या सकाळी तिला एका दगडाखाली बीळ दिसलं. तोंडाशी ताज्या चिखलाच्या गोळ्या पडलेल्या, म्हणजे मालक घरातच होता. ती पालथी झोपली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. लगेच तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"गावला का?" सोजरबाईंनी विचारलं.

"पकडलंय."

"कुनी कुनाला?"

"त्याने मला. थांबा, सोडत नाहीये तो. मीही नाही सोडणार."

हात बाहेर आला तेव्हा बोटाला रक्त होतं आणि बोटाला नांगी आवळून लोंबकळणारा एक दणदणीत जांभळ्या पायांचा खेकडा होता. पूर्णिमाने त्याला उलटा केला. पोटाखालची झाकणी अरुंद, टोकदार. ती तिथेच चिखलात मांडी घालून बसली आणि हसत सुटली. सोजरबाईंनी पदराचा काठ फाडून तिच्या बोटाला बांधला.

खेकडा स्पिरिटच्या बाटलीत जाणार हे मात्र सोजरबाईंना रुचेना. खेकड्याचा रस्सा त्यांच्या हातचा पूर्णिमाने कितीदा खाल्ला होता.

"रस्सा केला तर पोटात तरी जातो," त्या म्हणाल्या. "बाटलीत बसून ह्यो काय करनार?"

"साक्ष देणार, काकू. पुढे कुणी तळं बुजवायला निघालं, तर इथे काय राहतं हे सांगायला हा एक लागेल."

सोजरबाईंनी तळ्याकडे पाहिलं, मग इमारतींकडे. "मंग ऱ्हाऊ दे बाटलीत," म्हणाल्या.

बेडेकर सर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. नंतर उठले आणि आत जाऊन चहा टाकला. सरांकडे इतकी वर्षं जाऊनही तिला चहा कधी मिळाला नव्हता. प्रजाती नवी आहे हे पूर्णिमाला तिथेच कळलं.

पण तो कुठल्या घराण्यातला यावर दोघांचं जमेना. चपट्या पाठीवरून पूर्णिमा म्हणे, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या खेकड्यांचा भाऊबंद. सर म्हणत, सपाटीवरच्या नद्यांतला. दिवाळीभर फोनवर भांडण चाललं. शेवटी डीएनए तपासायला पाठवला. अहवाल आला तेव्हा पूर्णिमाने तो सरांना मोठ्याने वाचून दाखवला. खेकडा दोघांच्याही घराण्यात बसत नव्हता. त्याचे सगळे सख्खे चुलत कोकणातल्या ओढ्यांमध्ये होते.

"म्हणजे आपण दोघंही चुकलो," सर म्हणाले आणि खुर्ची हलेपर्यंत हसले. "इतका सुंदर चुकलो नव्हतो हो मी कधी."

नावाचा प्रश्न आला. वणीहून आईने फोनवर सांगितलं, तुझंच दे.

"स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत," सर म्हणाले. "तेवढी लाज शास्त्रात आहे अजून."

पूर्णिमाने गावाचं दिलं. धायरीएन्सिस. शोधनिबंध छापून आला त्या संध्याकाळी तिने तो सोजरबाईंना दाखवला. त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

"म्हंजी आमचं गाव हाय ह्यात?"

"जगात कुठेही याचं नाव घेतलं की धायरी म्हणावंच लागणार."

"आता धायरीला समदे शिनगड रोडच म्हनत्यात," सोजरबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत पुरणाची डाळ भिजवायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी बेडेकर सर जेवायला धायरीला आले. रिक्षातून उतरले आणि चौकातच थबकले. सोजरबाईंच्या मुलाने, महिपतीने, तिथे भला मोठा फ्लेक्स लावला होता. मधोमध खेकडा आणि त्याचं नवं नाव, दोन बाजूंना पूर्णिमा आणि सर, खाली मंडळाचे अध्यक्ष आणि सगळे पदाधिकारी. वर लिहिलं होतं, 'धायरीचे नाव सातासमुद्रापार नेल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

सरांनी चष्मा पुसून खेकडा नीट पाहिला.

"हा समुद्रातला आहे."

"गूगलवर ह्योच भारी दिसला, सर," महिपती म्हणाला. "तुमचा लई बारीक हाय."

"आणि प्रजातीचं नाव तिरप्या अक्षरांत लिहितात. जगभर तोच नियम आहे."

महिपतीने मान डोलावली आणि लगेच कुणाला तरी फोन लावला. सर पुरणपोळी खाऊन घरी गेले.

त्यानंतरच्या सकाळी पूर्णिमा कॉलेजला निघाली तर नवा फ्लेक्स चढत होता. या वेळी खेकडा बरोबर होता, जांभळ्या पायांसकट. धायरीएन्सिसही तिरपं झालं होतं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार आणि हार्दिक अभिनंदनही तिरपं झालं होतं. पूर्णिमाने फोटो काढून सरांना पाठवला.

सरांचं उत्तर लगेच आलं. "उत्तम. निबंधात नुसता नर आहे. आता मादीचंही वर्णन लिहायला घ्या."