ढगाची पेटी

सयाजीनं दांडा खसकन खाली ओढला आणि काचेच्या पेटीत पांढरं धुकं दाटलं. नुसतं धुकं. रेघ एकसुद्धा नाही.

"हं," पुण्याचे प्रोफेसर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

त्यानं परत ओढला. परत तेच, ताकासारखं गढूळ. आता बघा, काल याच पेटीत त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी रेघा पाहिल्या होत्या! गजराच्या घड्याळाचा रेडियम लावलेला, अंधारात चमकणारा काटा आत ठेवायचा, दांडा ओढून आतली ओली हवा एकदम सैल करायची, की ती गार पडते. मग काट्यातनं सुटलेले, डोळ्याला न दिसणारे कण जिथनं जिथनं धावतात तिथं तिथं थेंब धरत जातात. केसासारख्या रेघा, क्षणात दिसतात, क्षणात विरतात. अट एकच, हवा स्वच्छ हवी. धूर नाहीतर धूळ असली की वाफ तिच्यावरच बसते आणि सगळा ढगच होतो. कंदिलाची काच, सायकलची ट्यूब, अख्ख्या सांगलीत हिंडून जमवलेलं सामान, आणि त्यात गेलेला अख्खा पावसाळा!

आणि सगळं आजवर येऊन ठेपलेलं. रेघा दिसल्या तर पुण्याला प्रोफेसरांच्या हाताखाली जागा. नाही दिसल्या तर बाहेर व्हरांड्यात लालासाहेब बसलेलेच होते. सयाजीचे वडील, म्हणजे आबा, फौजेतनं पेन्शनीत निघालेले हवालदार. पोराला रात्रीच्या गाडीनं साताऱ्याला भरतीला न्यायला रहिमतपूरहून आलेले. लढाई चालू, सरकारला माणसं हवीत, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या फौजच. सयाजी स्टेशनावरनं प्रोफेसरांना घेऊन येतो तर काय, आबा बाकावर ताठ! 

तिसऱ्यांदाही ढग. सयाजीनं झाकण उचललं आणि नाकात वास शिरला. ऊद!

तो तडक दाराशी गेला. प्रयोगशाळेचा म्हातारा शिपाई बादशहा तिथंच उभा होता.

"चाचा, मी नसताना हितं कोण आलतं?" त्यानं हळूच विचारलं.

"आबा आलते की तुमचं. म्हनले, आज खंडेनवमी, पोराचं हत्यार कंचं? मी दावलं. त्येंनी झाकान काडून आतबी झ्याक धूप दाखिवला. लवून नमस्कार केला. का वो, काय चुकलं व्हय?"

या दिवशी घरी आबा पाटावर आजोबांची तलवार मांडायचे. तिच्याशेजारी दुसरं काही ठेवू द्यायचे नाहीत, कोयतासुद्धा.

"इथं धूर कुणी केला?" मागनं प्रोफेसरांचा आवाज आला.

बादशहानं तोंड उघडलं. बाहेर आबांनी मान वळवली.

"मी, सर," सयाजी म्हणाला. "खंडेनवमी म्हणून."

"तुम्ही? कणावर वाफ बसते, हे तुम्हीच मला पत्रात लिहिलंत ना!"

"थोडा वेळ द्या सर. दांडा ओढत राहिलो की थेंबांबरोबर धूर खाली बसतो."

"टांगा उभा आहे. कोल्हापूरची गाडी चुकेल माझी." ते दारात थांबले. "उद्या परतताना तासभर येईन. शेवटचं. तेव्हा भक्ती नको."

टांगा फाटकाबाहेर गेला तसे आबा उठून आत आले.

"सायेब लौकर निगाले?"

"आज चाललं न्हाई, आबा."

"का रं?"

आबांच्या बोटांना अजून हळद होती.

"हवेत कायतरी हुतं," सयाजी म्हणाला.

आबा पेटीपाशी वाकले. हात पाठीशी बांधून लय वेळ बघत राहिले. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून टेबलाखाली सारली.

"बादशहा, रातच्याला हितं पसरायला जागा हाय का?"

"आन् भरती, आबा?" सयाजीनं विचारलं.

"भरती काय, रोजच हाय." ते पेटीभोवती एक फेरी मारून आले. "मला इचारशील तर गड्या, ऊद कमी पडला. उद्या दसरा. सायेब यायच्या आदी लावू. चांगला दाबून."

सयाजीनं बादशहाकडं बघितलं. बादशहा छताकडं बघत होता.

"व्हय, आबा," सयाजी म्हणाला, आणि खिशातली प्रयोगशाळेची किल्ली त्यानं मुठीत घट्ट धरली.