उजव्या हाताचं काम

"मिस्त्री, तुमचा डावा हात दुखतोय का हो?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. त्याला आज सुट्टी दिलीय."

मिस्त्री बाईंच्या जुन्या गाडीत उताणा पडला होता. पाय दाराबाहेर, डोकं डॅशबोर्डखाली, आणि उजव्या हातातला पेचकस तिसऱ्यांदा नाकावर पडलेला. माणूस जन्माचा डावखुरा. लहानपणी आईने चमचा उजव्या हातात दिला, तर म्हणे याने दोन दिवस उपास काढला, पण हात बदलला नाही. जुन्या गाड्यांत चोरकळ बसवावी ती यानेच. इंजिनाला ठिणगी पुरवणारी वायर मध्येच तोडून तिथे लपवलेली कळ जोडायची; ती दाबल्याशिवाय गाडी नुसती कण्हत राहते. मिस्त्रीची कळ शोधता शोधता एक चोर गाडीतच म्हातारा झाला, असं लोक सांगत. त्याच्या वयाची खात्री मी देत नाही.

पण गेल्या दोन महिन्यांत मिस्त्रीच्या हातच्या दोन गाड्या चोरीला गेल्या. त्यातली एक ओढ्याकाठी सापडली. चोराने एकही वायर तोडलेली नव्हती. मिस्त्री तिच्यात बसला, सहज डावा हात खाली नेला, आणि कळ बरोबर बोटाखाली आली. आपला डावा हात आपसूक कुठे जातो, हे जगात आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. बारा वर्षं शेजारी बसून काम शिकलेल्या आणि वर्षापूर्वी भांडून निघून गेलेल्या धाकट्या भावाला.

म्हणून आजचं काम उजव्याने. बोटं चार ठिकाणी कापली. कळ कुठे बसवली ते त्याने फक्त बाईंना दाखवलं. धंद्याचा नियम तसा आहे; तुम्हालाही सांगणार नाही.

बाई समोरच्या दुकानात गेल्या आणि गॅरेजच्या दारात सावली पडली.

"काय दादा, बाईंची म्हातारी गाडी आलीय वाटतं!"

मिस्त्रीने उजवा हात झटकन खिशात घातला. "ये. वाळलास रे."

"चोरकळ का?"

"हं."

"कुठे बसवलीस?" धाकटा हसला.

"तुला काय करायचंय? गेलास ना सोडून?"

"गंमत केली रे." पण त्याची नजर दादाच्या डाव्या हातावर होती. मिस्त्रीने त्याच हाताने पेचकस उचलला, बोटांवर सफाईने फिरवला आणि पेटीत टाकला. खिशाला आतून रक्ताची ओल लागत होती.

"वहिनी बरी आहे?"

"जेवायला ये म्हणत होती."

"येईन की." धाकट्याने जाता जाता बॉनेट थोपटलं.

जेवायला ये, मिस्त्री मनात म्हणाला. इकडे नको येऊस.

तीन दिवस तो जेवायला आला नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी बाईंचा फोन आला. "मिस्त्री, गाडीत कोणीतरी बसलंय. सारखं सुरू करायला बघतोय. लवकर या."

मिस्त्रीने सायकल अशी हाणली की साखळीला घाम फुटला. बाईंच्या गल्लीत शिरताच त्याला ते कण्हणं ऐकू आलं. एकदा. पुन्हा एकदा. बॉनेटला कुलूप होतं. आत घासून केलेली चावी फिरवत धाकटा बसला होता, आणि त्याचा डावा हात डॅशबोर्डखाली कोपरापर्यंत गेला होता.

मिस्त्री दुसऱ्या दाराने शिरून शेजारी बसला.

धाकटा दचकला. पण पळाला नाही. घामाने निथळत, बारा वर्षं विचारायचा त्याच आवाजात त्याने विचारलं, "दादा, कुठंय रे?"

मिस्त्रीने खिशातून उजवा हात काढून मांडीवर ठेवला. चार बोटांना चार पट्ट्या.

धाकटा बघत राहिला. "उजव्यानं केलंस?"

"हो."

"माझ्यासाठी?"



फाटकातून बाईंनी हाक मारली, "मिस्त्री! ओळखीचा आहे का कोणी? पोलिसांना फोन करू?"

धाकट्याने दादाकडे पाहिलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नुसतं 'फोन नको' म्हटलं असतं तरी बाईंनी ऐकलं असतं.

"माझा भाऊ आहे बाई," मिस्त्री म्हणाला. "करा फोन."

धाकट्याचा हात अजून डॅशबोर्डखालीच होता. मिस्त्रीने तो मनगटाला धरून हळूच बाहेर काढला, शिकताना पहिल्यांदा झटका बसला होता तेव्हा काढला होता तसा. खांद्यावरच्या फडक्याने त्याची काळी बोटं एकेक करून पुसली. मग दोघं भाऊ समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसून राहिले.