मागच्या कोपऱ्याचं भाडं

बाळांनो, जरा कल्पना करा. बोईसरला पत्र्याच्या छपराची एक खोली आहे. तिच्या दारात झिपरू ट्रंकेवर गुडघा रोवून सुतळी आवळतो आहे. त्याचा आणि ठमीचा सारा संसार त्या एका ट्रंकेत आणि दोन बोचक्यांत मावला आहे. तुम्ही उंबऱ्याबाहेर उभे राहा, आठ वर्षांच्या चिमीशेजारी. तिथून सगळं दिसतं.

चिमीची आई चंद्रकांता आत भिंती पाहत होती. मायलेकी पहिल्या एसटीनं सातपाटीहून आल्या होत्या. खोली चंद्रकांतेच्या वडिलांनी बांधलेली. महादूबाबा पावसाळ्यात गेले आणि खोली, आतल्या भाडेकरूंसकट, तिच्या वाट्याला आली. आता झिपरू काम करायचा तो कापड रंगवायचा कारखाना बंद पडला होता. झिपरू आणि त्याची बायको जव्हारकडच्या आपल्या पाड्यावर परत निघाले होते.

चंद्रकांतेनं कमरेचा बटवा सोडला.

“डिपॉझिट तीनशे. गेल्या महिन्याचं भाडं साठ कापलं. बघ, बरोबर हाय काय.”

“बरोबरच असंल,” झिपरू म्हणाला. पण त्यानं हात पुढं केला नाही. बायकोकडे पाहिलं.

“तुजा बापूस असता तं पैसं काढलंच नसतं एवढ्यात,” ठमी म्हणाली. “बोलला असता, ठमे, आधी च्या टाक, मंग हिशोब.”

“चूल तर तू मोडून बसलीस. च्या कुठला?” चंद्रकांता हसली. “घे, गाडी चुकंल.”

ठमी हसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“बाय, पैसं तूच ठेव.”

“का गं? लॉटरी लागली काय?”

“भाडं हाय. खोलीचं नाय. मागच्या कोपऱ्याचं.”

तिनं परसाकडे मान वळवली. कुंपणालगत थोडी मोकळी जमीन होती, गवत वाढलेली.

“आमचा पोरगा हाय तिथं. दात आलं नव्हतं, म्हणून जाळला नाय. सूर्या नदीला पूर, पाड्यावर न्यायचा कसा? तुज्या बापसानंच खड्डा खणला. तो कुणाला बोलला नाय, आमीपण नाय.” तिनं बोटाचा पदर सोडला. “तेवढी जागा उकरू देऊ नको, बाय. दुसरं काय नाय.”

चंद्रकांता हातातल्या नोटांकडे बघत राहिली. सकाळी ही दोघं शेजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेली असताना तिनं त्याच कोपऱ्यात दोरी धरून संडासाच्या खड्ड्याचं माप घेतलं होतं. दोरीचं दुसरं टोक चिमीनं धरलं होतं. एका अंगाला विहीर, पुढं रस्ता, खड्ड्याला दुसरी जागाच नव्हती. दुसऱ्या, चालू कारखान्यातले सहा जण खोली घेणार होते, पण संडास झाला तरच. त्यांनी दिलेला ॲडव्हान्स बाबांच्या दवाखान्याचं देणं फेडण्यात संपला होता. खणणारे उद्या सकाळी येणार होते.

“केळ लावीन तिथं,” ती म्हणाली.

चिमीनं झटकन आईकडे पाहिलं.

“केळ?” ठमीचा आवाज हलका झाला. “केळ बरी. सावली पडंल त्याला.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “ऐकलंस? म्हणं कशाला बोलतेस, म्हणं ती रागावंल.”

“मी कदी बोललो असं?” झिपरू पुटपुटला आणि सुतळीची गाठ पुन्हा चाचपू लागला.

चंद्रकांतेनं नोटा बटव्यात सारल्या. नाडीची गाठ दोनदा सुटली.

ठमी परसात गेली. कोपऱ्यात उकिडवी बसली, गवतावर तळहात ठेवला आणि लगेच उठून आली, कुणी बघेल की काय अशी. झिपरूनं ट्रंक डोक्यावर घेतली. तिनं बोचकी काखेत मारली.

“येतो, बाय.”

“सांभाळून जा,” चंद्रकांता म्हणाली. त्यांच्या तोंडाकडे तिनं पाहिलं नाही.

दुसऱ्या कारखान्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला. रस्ता सायकलींनी भरला आणि त्या गर्दीत ट्रंक तेवढी उंच दिसत राहिली.

“चिमे, झाडू आण. खोली झाडून घेऊ.”

चंद्रकांतेनं वळून पाहिलं. उंबऱ्याबाहेर नुसत्या चपला होत्या.

सायकलींमधून वाट काढत चिमी धावत होती. तिनं ठमीचं लुगडं मागून गच्च धरलं.

“मावशी, थांब,” ती धापा टाकत म्हणाली. “आई केळ नाय लावणार.”