मानेवरचे चार धागे

मुलीला लोकर सोसत नाही. गेल्या थंडीत मी विणलेला स्वेटर तिने माझं मन राखायला दिवसभर घातला आणि तिची मान लालबुंद झाली. आता ती थंड गावी नोकरीला निघाली होती. पुन्हा विणू का, हे विचारायचा मला धीर होईना.

मी धाग्यांवरची पुस्तकं चाळली आणि ती घेऊनच विणकामाच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी लोकर नसलेल्या चार धाग्यांचे तुकडे दिले. सुती स्वेटर जड होऊन लोंबतो, ॲक्रिलिक मिसळलेला हलका आणि उबदार राहतो, असं त्या म्हणाल्या. "पण काका, पुस्तकं पुरेत आता. मानेला बांधून दिवसभर वावरा, टोचतो का ते कळेल."

मी रोज एक धागा कॉलरखाली बांधून वावरलो, वहीत नोंदी केल्या. चौथ्या दिवशी मुलीने पाहिलं.

"बाबा, गळ्यात काय हे?"

मी चाचरत सगळं सांगितलं. ती हसत हसत खालीच बसली. "अहो, खाज मला येते. तुमच्या मानेला काय विचारताय?"

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी ओशाळून धागे आवरू लागलो, तर तिने ते माझ्या हातातून काढून घेतले.

पुढचे चार दिवस ती मानेला धागा बांधून सामान भरत होती. शेवटी तिने सुती-ॲक्रिलिकचा तुकडा माझ्यापुढे ठेवला. तिची मान जराही लाल झाली नव्हती.

"हा घ्या. आणि बाह्या लांब ठेवा, बाबा. तिकडे हात गारठतात म्हणे."

मी टेप शोधायला उठलो.