जाईपुरतं पाणी

शाळेच्या बागेसाठी प्रत्येक घराने आपल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीत एक रोप दिलं होतं. सुट्टीत पाणी घालायचं काम मुख्याध्यापिका बाईंनी आपणहून अंगावर घेतलं. पुढे नळाला पाणी जेमतेम येऊ लागलं, तशी त्यांची बादली रोज एका जाईपाशीच रिकामी होऊ लागली. जाई त्यांच्या आईच्या नावाची होती.

शाळा उघडली तेव्हा बाकीच्या रोपांच्या काड्या झाल्या होत्या.

“निदान एक तरी जगवलंत, बाई,” शिपाईमावशी म्हणाल्या.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मावशी, ती माझ्या आईची आहे. बाकीच्यांना मी पाणीच घातलं नाही.”

मावशी आपल्या नवऱ्याच्या वाळलेल्या मोगऱ्याकडे बघत राहिल्या.

“मला नुसतं सांगायचंत. घरून कळशी आणली असती,” एवढंच बोलून त्या वर्ग उघडायला गेल्या. त्यांना हाक मारायचा बाईंना धीर झाला नाही.