पृथ्वीराजची चिठ्ठी

प्रसेनजीतने त्या रविवारी प्रश्न बदलला, आणि तिथेच चुकला.

आठवडाभर कागलच्या एमआयडीसीत सुट्या भागांची मापं तपासायची आणि रविवारी मुलांच्या मनातलं ओळखायचं, असं त्याचं सहा वर्षं चाललं होतं. एरवी तो चिठ्ठीवर आवडता पदार्थ नाहीतर खेळाडू लिहायला लावायचा. पण शिवाजी पेठेतल्या तालमीच्या हॉलमध्ये सुट्टीतल्या शिबिराची साठ पोरं बघून त्याला जोर चढला. सहा जणांना पुढे बोलावून तो म्हणाला, "आजपर्यंत कुणालाच सांगितलं नाही, ते लिहा. खाली नाव घाला."

पेठेतल्या पोरांना मनातल्या मनात काही ठेवणं अवघडच. संयोगिता नावाची मुलगी लिहिता लिहिता पुटपुटत होती, "लोणच्याची बरणी मांजरानं न्हाय, मी फोडली." प्रसेनजीतला तेवढंच हवं होतं. तिच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडून त्याने ती सगळ्यांत खाली ठेवली.

युक्ती साधी होती. दुसऱ्याच कुणाची तरी घडी केलेली चिठ्ठी कपाळाला लावायची आणि संयोगिताचं गुपित सांगायचं. मग खात्री केल्यासारखी ती उघडायची, 'बरोबर!' म्हणायचं आणि तेवढ्यात त्यातलं वाचून घ्यायचं. ते पुढच्या वेळी सांगायचं. तो कायम एक चिठ्ठी पुढे असायचा.

"बरणी फुटली," तो डोळे मिटून म्हणाला. "लोणच्याची. मांजराचा काही दोष नाही."

संयोगिता किंचाळली. हॉल दणाणला. मग धवलने क्लास बुडवून पाहिलेली मॅच निघाली, अवंतिकाने लपवलेलं प्रगतिपुस्तक निघालं. चौथ्या चिठ्ठीनंतर दंगा आपोआप थांबला. मागच्या रांगेत एकाने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. "आयला, ह्यो आपलंबी बघतोय काय!"

पाचवी चिठ्ठी उघडली. 'मी अजून अंथरुणात शू करतो. पृथ्वीराज.'

पृथ्वीराज ओळीच्या टोकाला उभा होता. अकरा वर्षांचा, तालमीच्या पोरांच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. विचारलं म्हणून बिचाऱ्याने खरं लिहिलं होतं. पेठेत एकदा नाव पडलं की सुटत नाही. लग्नाच्या डिजिटल फलकावरसुद्धा ते कंसात येतं. आणि एकट्या त्याचंच राहिलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरंच काही ठोकून द्यावं, तर पोरगं 'असं न्हाय लिवलं' म्हणून बोलून जाईल.

प्रसेनजीतने शेवटची चिठ्ठी, म्हणजे संयोगिताचीच, कपाळाला लावली. पृथ्वीराजने मुठी आवळल्या होत्या. डोळे घट्ट मिटलेले, जबडा थरथरत होता. पण जागचा हलला नव्हता.

"दिसत नाही," प्रसेनजीत म्हणाला.

"दमलं की पावणं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"गप रं!" तालमीचे वस्ताद हंबीरराव गरजले.

"सहा वर्षांत पहिल्यांदा," प्रसेनजीत हळू म्हणाला. "या मुलानं आतून कडी घातलीय. मी ढकलतोय, हलत नाही. कडी घातलेलं दार फोडायचं नसतं."

त्याने चिठ्ठी तोंडात टाकली, चावली आणि गिळली.

साठ माना पृथ्वीराजकडे वळल्या. टाळी कुणीच वाजवली नाही. पुढच्या रांगेतली एक बारकी मुलगी उठली, त्याच्याजवळ गेली आणि टाच उंचावून त्याच्या कपाळाला बोट लावून आली. पृथ्वीराजने डोळे उघडले.

हॉल रिकामा झाल्यावर प्रसेनजीत सामान आवरत होता. उघडलेल्या चिठ्ठ्या त्याने फाडून खिशात कोंबल्या होत्या.

"काका." पृथ्वीराज परत आला होता.

"काय रं?"

"खरंच दिसलं न्हाय?"

"न्हाय."

"मी लई जोर लावलता. दात दुखाय लागलं."

प्रसेनजीतने हातातलं सामान खाली ठेवलं. आपल्या खेळातला खिळान् खिळा त्याला ठाऊक होता. पण साठ जणांसमोर, काही सेकंदांत सगळं उघडं पडणार असं वाटत असताना, हे पोरगं पळालं नव्हतं. नुसत्या मनाच्या बळावर त्याने दार धरून ठेवलं होतं.

"मग सांगू?" पृथ्वीराजने इकडेतिकडे पाहिलं. "तुमाला एकट्याला?"

प्रसेनजीतने गुडघे टेकून कान पुढे केला. शब्द अन् शब्द माहीत असूनही त्याने ते सगळं ऐकलं, अडखळण्यासकट.

"मी सातवीपर्यंत करायचो," तो म्हणाला. ते खरं होतं.

पृथ्वीराजचं तोंड उघडं राहिलं. अख्ख्या खेळात त्याने प्रसेनजीतकडे असं एकदाही पाहिलं नव्हतं.