मासेमार महागू

भरवेली गावात महागू मेश्रामला कोणी फौजी म्हणत नसे. सगळे म्हणायचे मासेमार. आणि हे बारसं केलं होतं खुद्द त्याच्या बायकोनं, विमलाबाईनं. त्याची रुखरुख तिला आता म्हातारपणी लागून राहिली होती.

झालं होतं असं. एकाहत्तरच्या लढाईत महागू नेव्हीत होता. किनाऱ्याकिनाऱ्यानं मालाची जहाजं चालायची, त्यांच्यावर शत्रूच्या पाणबुड्या टपलेल्या, म्हणून नेव्हीचं जहाज सोबतीला. तिथं यंत्राला कान लावून पाण्याखालचा आवाज ऐकत बसायचं, हे महागूचं काम. कान बापाकडून आलेला. बाप इथल्याच मँगनीजच्या खाणीत. खाणीत सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, छत ठोकून पाहतात. ठणठण वाजलं तर ठीक, बद्द वाजलं की छत कोसळायच्या बेतात, आधी ओरडायचं, "भागा!" खरं-खोटं मग बघायचं. पोरगाही तेच शिकला. एका संध्याकाळी यंत्रात काहीतरी लागलं आणि हा ओरडला. जहाज वळलं, पाण्यात बॉम्ब पडले, आणि वर आले काय, तर मेलेले मासे! पाणबुडीचा पत्ताच नाही.

लग्नानंतर त्यानं हे भोळेपणी बायकोला सांगितलं. विमलाबाईच्या पोटात कुठलं राहतंय! तिनं नळावर सांगितलं, बाया खो खो हसल्या, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तेव्हापासून गड्यानं लढाईचा शब्द काढला नाही.

यंदा शाळेनं सव्वीस जानेवारीचा झेंडा त्याच्या हातून फडकवायचं ठरवलं. हेडमास्तर स्वतः घरी आले.

"मी नाई येत," महागू म्हणाला. "मासे मारनाऱ्यानं कायचा झेंडा फडकवावा?" आणि पाठ फिरवून बसला. विमलाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नात अपेक्षा मात्र गप्प बसणारी नव्हती. तिनं आज्याचा वर्दीतला फोटो, जहाजाच्या नावासकट, मोबाइलवर जुन्या खलाशांच्या ग्रुपमध्ये टाकला. पंचवीस तारखेला सकाळी फोन वाजला. अपेक्षानं 'आजीशी बोला' म्हणत स्पीकर लावून तो आजीपुढं धरला, कारण आजोबांना आता कानाशी ओरडल्याशिवाय काही कळत नव्हतं.

"मी देवगडहून बोलतोय," पलीकडून म्हातारा आवाज आला. "मालाच्या जहाजावर खलाशी होतो. तुमचे यजमान आमच्या सोबतीला होते ना? ज्यांनी ते मासे मारले होते, तेच?"

विमलाबाईचं टाळकंच सरकलं. "देवगडपरेंत पोचलं का हे? मानसाले जगू द्या ना जी!"

"अहो बाई, ऐका तरी! आमच्या जहाजात मँगनीज भरलेलं. असलं जहाज फुटलं की धोंड्यासारखं तळाला जातं. त्या भीतीनं कोणी खाली झोपतच नव्हतं, सगळे डेकवर कुडकुडत बसायचे. त्या दिवशी बॉम्ब वाजले, मासे वर आले, तेव्हा आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणाला, 'ज्याला मासेसुद्धा ऐकू येतात, त्याच्या कानातून पाणबुडी सुटायची नाही. जा, झोपा.' आम्ही खाली जाऊन गाढ झोपलो. मग घरी आलो, लग्न झालं, पोरंबाळं झाली. आभार मानायचे तेवढे राहून गेले. सांगाल त्यांना?"

विमलाबाईनं डोळे पुसले. ती नवऱ्याजवळ गेली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळी गल्ली हादरेल अशी ओरडली, "अजी! तुमच्या भरवशावर मानसं झोपली म्हने!"

"काय?"

"जहाजभर मानसं! तुमच्या भरवशावर झोपली! अन् घरी आली! तुमचे उपकार मानून राह्यले!"

नळावरच्या बाया हंडे खाली ठेवून बघत राहिल्या. रोज 'मासेमार' म्हणून चिडवणारा शेजारचा तेजराम दारात येऊन उभा राहिला.

महागूनं तिला सगळं पुन्हा एकदा ओरडून सांगायला लावलं. मग विचारलं, "माल काय होता?"

"मँगनीज!"

"म्हंजे बापाचाच," म्हातारा पुटपुटला, आणि त्याला रडू आवरेना. मोबाइलकडे हात जोडून म्हणाला, "त्याले सांग, अपेक्षा, फोन केला, लय बरं केलं. आज मलेबी झोप येईन."

दुसऱ्या दिवशी झेंड्याची वेळ झाली तरी महागू घोरत होता. विमलाबाईनं पांढरा कुरता त्याच्या उशाशी ठेवला आणि अपेक्षाला शाळेत पिटाळलं. "हेडमास्तरले म्हन, जरासक थांबा. फौजी झोपले हायेत."